व्हीआरची पेटी जिल्ह्याच्या कक्षात नको, उपकेंद्रातून घरी द्या

विदर्भातल्या जिल्हा नियोजन समित्यांना खुले पत्र

सन्माननीय पालकमंत्री, जिल्हाधिकारी आणि समितीचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

मार्च जवळ आला की निधी परत जाऊ नये म्हणून प्रस्तावांची शोधाशोध सुरू होते, हे आपल्याला मी सांगायला नको. ‘नावीन्यपूर्ण योजना’ या लेखाशीर्षाखाली यंदा नाही तर पुढच्या वर्षी एक प्रस्ताव आपल्या टेबलावर येणार, हे मी आजच सांगून ठेवते : जुनाट दुखण्यावर व्हर्च्युअल रिॲलिटी (व्हीआर). डोळ्यांवर पेटी, म्हणजे हेडसेट, बांधायची, चहूबाजूंनी समुद्र किंवा डोंगर दिसतात, कोणीतरी मंद आवाजात श्वास सोडायला सांगतं आणि दुखणं हलकं होतं. विक्रेता सादरीकरण झकास करेल. जिल्ह्याच्या ठिकाणी एक वातानुकूलित खोली, चार आरामखुर्च्या, भिंतीवर धबधबा आणि फीत कापायला आपण.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना चालवते. या तंत्राच्या मी बाजूची आहे. आणि म्हणूनच ती खोली होऊ नये असं मला वाटतं.

आधी दुखण्याबद्दल बोलू. आमच्याकडे कंबरदुखी हा आजार धरतच नाहीत, तो कामाचा भाग. दिवाळीपासून कापूस वेचायचा म्हणजे कमरेला फडकं बांधून दिवसभर अर्धं वाकून चालायचं, फडकं भरत जाईल तसा भार पुढे ओढतो. त्याआधी निंदण, सोयाबीनची सोंगणी. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी, म्हणजे गुडघाभर चिखलात उलटं चालत वाकून राहायचं. गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्ता. शिवाय सरपणाचा भारा आणि पाण्याच्या गुंडी बारमाही. दुखणं तीन महिन्यांच्या वर टिकलं की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट म्हणतं. माझ्याकडे बाया येतात त्या तीन हंगाम काढून.

तोवर मेडिकलमधून ‘कमरेची गोळी’ आणून झालेली असते. दुकानदार पत्ता कापून चार गोळ्या हातावर ठेवतो. त्यात डायक्लोफेनॅक असतं, असेक्लोफेनॅक असतं, आणि बिननावाच्या कागदी पुडीत कधी स्टेरॉइडही निघतं. उपाशीपोटी, उन्हाळ्यात, पाणी कमी पिऊन महिनोन्‌महिने घेतलेल्या या गोळ्या जठराचं आणि किडनीचं काय करतात हे आपल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा. पुरुषमाणूस त्यात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची भर घालतो आणि ‘त्यानं काम होते’ म्हणतो. पट्टा तर प्रत्येकीकडे असतो, खुंटीला टांगलेला.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल, असा त्यांचा अंदाज. रुग्णाला दुखणं समजावून सांगणं, व्यायाम, मनाच्या बाजूनं दिलेले उपचार, काही हस्तोपचार आणि गरजेपुरत्या वेदनाशामक गोळ्या, असा त्यांचा सल्ला आहे. कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) आणि अफूवर्गीय औषधं नेहमीच्या उपचारात नकोत, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे आमच्या गावात जे सगळ्यात आधी विकत घेतलं जातं ते यादीतून बाद, आणि जे गावात कुठेच मिळत नाही, ते मनाच्या बाजूचे उपचार, यादीत वर.

‘मनाच्या बाजूचे’ म्हटलं की घरचे लगेच म्हणतात, म्हणजे तिला दुखत नाही, नाटक करते. म्हणून थोडं खुलासेवार सांगते, कारण बैठकीत हा प्रश्न आपल्यालाही विचारला जाईल. कंबरेकडून निघालेला निरोप मेंदूपर्यंत जसाच्या तसा जात नाही, मज्जारज्जूतच तो कमी-जास्त होतो, ही मांडणी रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली केली. लक्ष कुठे आहे, भीती किती आहे, झोप झाली का, या सगळ्याचा त्या निरोपावर परिणाम होतो. रानडुकरांसाठी वावराभोवती लावतात ती झटका मशीन आठवा. तार मोकळी असेल तर जनावर आलं की सायरन वाजतो. पण गवत वाढून तारेला टेकलं की साध्या वाऱ्यानंही तो रात्रभर कोकलत राहतो. जुनाट दुखण्यात मज्जासंस्थेचं असं होतं. वेदना शंभर टक्के खरी असते, पण तेवढी इजा कमरेत शोधूनही सापडत नाही. एमआरआयवर हजारो रुपये घालवून ‘नॉर्मल’चा कागद घेऊन आलेली माणसं मी कायम बघते. कागद नॉर्मल म्हणून घरचे चिडलेले, आणि कागद नॉर्मल म्हणून ती आणखी घाबरलेली.

हा सायरन खाली आणायला शरीर सैल सोडता यावं लागतं. पोटानं सावकाश श्वास, एकेक स्नायू आवळून सोडणं, लक्ष दुखऱ्या जागेवरून काढून दुसरीकडे ठेवणं. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरनं स्नायू आवळून सोडण्याची पद्धत गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच बसवून दिली. आपल्याकडे शवासन त्याही आधीपासून आहे. अडचण एकच की दुखत असताना डोळे मिटून पडलं तर दुखणंच जास्त ऐकू येतं. दवाखान्यात मी शिकवते, बाई मान डोलावते, घरी गेल्यावर दोन दिवसांत सोडून देते. व्हीआरचा उपयोग इथं आहे. डोळ्यांना आणि कानांना दुसरं काही उरतच नाही, म्हणून लक्ष बांधलं जातं, आणि तेवढ्या वेळात श्वासाची सवय लावता येते.

याची सुरुवात झाली जळालेल्या रुग्णांपासून. १९९६ च्या सुमारास सिॲटलला वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी हे काम सुरू केलं आणि पुढे त्यासाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचा खेळ वापरला. जखमेची ड्रेसिंग चालू असताना रुग्ण बर्फाच्या दरीतून जात पेंग्विनना बर्फाचे गोळे मारतो. पुढे २००४ मध्ये मेंदूच्या स्कॅनवरही वेदनेशी संबंधित भागांतली हालचाल कमी झालेली दिसली. पण ड्रेसिंग काही मिनिटांत संपते. आमच्या बाईची कंबर पहाटे चुलीपासून रात्रीच्या भांड्यापर्यंत दुखते, तिला दिवसभर पेंग्विन दाखवून भागणार नाही. तिला लागते ती सवय, जी पेटी काढून ठेवल्यावरही तिच्याजवळ राहील.

त्या दिशेचं पहिलं मोठं पाऊल नोव्हेंबर २०२१ मधलं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, अठरा वर्षांवरच्या लोकांच्या जुनाट कंबरदुखीसाठी ‘ईझव्हीआरएक्स’ या व्हीआर उपचाराला मान्यता दिली. आठ आठवडे, रोज एक, अशी ५६ सत्रं. एकेक सत्र २ ते १६ मिनिटांचं, पण बहुतेक सात मिनिटांच्या आतबाहेर. हेडसेटला श्वास मायक्रोफोनकडे वळवणारा एक भाग जोडलेला, म्हणजे तुमचा श्वास यंत्राला कळतो आणि त्यावर सराव बेतता येतो. १७९ जणांवर चाचणी झाली. आठ आठवड्यांनी उपचार घेतलेल्यांपैकी ६६ टक्के लोकांनी दुखणं तीस टक्क्यांहून जास्त उतरल्याचं सांगितलं. दुसऱ्या गटाला तसाच हेडसेट दिला होता, पण त्यात नुसती सपाट निसर्गदृश्यं होती, शिकवणं काही नव्हतं. त्यांच्यात हे प्रमाण ४१ टक्के निघालं. पुढे तीन आणि सहा महिन्यांनीही फरक टिकल्याचे निष्कर्ष छापून आले.

विक्रेता ६६ चा आकडा मोठ्या अक्षरात दाखवेल. आपण त्याला तीन गोष्टी विचारा. हा अभ्यास यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्याच पैशानं झाला आहे. त्यात भाग घेतलेले बहुसंख्य लोक गोरे, कॉलेजात गेलेले अमेरिकन होते, त्यांच्यापैकी कोणी कापूस वेचलेला नाही. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : हे सगळं लोकांनी घरी केलं. कुठल्याही दवाखान्यातल्या खोलीत नाही. पेटी घरपोच गेली आणि त्यांनी रोज आपापल्या घरात ती डोळ्यांवर चढवली.

मला तर ४१ या आकड्यानं जास्त विचारात पाडलं. नुसती झाडं आणि पाणी पाहूनही दर दहांतल्या चौघांना बरंच बरं वाटतं, याचा अर्थ काय लावायचा? काही भाग अपेक्षेचा असेल, काही दुखणं आपोआप उतरण्याचाही असेल. पण आमच्याकडची बाई दिवसात सात मिनिटं एका जागी, कोणी हाक न मारता बसते कधी, हेही मोजा. ‘आई, पाणी दे’, ‘सूनबाई, चहा’, बकरी सुटली, गॅसवाला आला. डोळे मिटून बसली तर ‘झोपली का?’ म्हणून विचारतात. डोळ्यांवर काळी पेटी बांधलेल्या बाईला मात्र कोणी हाक मारत नाही. ‘इलाज चालू हाये’ म्हणतात आणि बाजूला होतात. मला तर यंत्राचा अर्धा गुण यातच दिसतो.

माझ्या पुतण्यानं पुण्याहून आणलेला एक हेडसेट मी दवाखान्यात ठेवला आहे. उपचार म्हणून नाही, कोणाला बघायचा असेल तर. जवळच्या खेड्यातली एक पंचावन्नच्या घरातली बाई, कंबर आणि डावा पाय वर्षानुवर्षं दुखणारी, तिनं तो लावला. पहिलीच अडचण अंबाड्याची. मागचा पट्टा अंबाड्यावर बसेना. केस मोकळे करून खाली बांधले, पदर खोचला, तेव्हा पेटी बसली. (काढताना तिची टिकली आतल्या फोमला चिकटून आली.) आत समुद्राचं दृश्य होतं. लाट आली तशी ती खुर्चीचे हात धरून मागं सरकली. ‘बाप्पा, पानी आंगावर येते ना वं!’ समुद्र तिनं कधी पाहिलेला नाही. कानात इंग्रजी बाई बोलत होती. ‘थे काय म्हनते?’ मी सांगितलं, श्वास सोडा म्हणते. ‘मंग तूच सांग ना, तिले काहून त्रास?’

मग मी आवाज बंद केला आणि शेजारी बसून मीच बोलत राहिले. समुद्र बदलून तळ्याचं दृश्य लावलं. चारपाच मिनिटांत तिचे खांदे खाली आले. मला दिसत होतं, पोट नीट फुगत होतं, सोडताना तोंडातून बारीक ‘हूं’ निघत होतं. पेटी काढल्यावर तिनं आधी पाय हलवून पाहिला. ‘दुखते, पन दूर गेल्यासारखं वाटते.’ एका बाईच्या एका अनुभवावर मी तुम्हाला योजना करा म्हणणार नाही. सांगायचं आहे ते पुढचं. मी विचारलं, तुमच्यासाठी असं काही बनवायचं तर काय दाखवू? सकाळचं शेत, दव पडलेलं? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वेडीच आहे. ‘मले वावरात नोको नेऊ, बाई. थेच तर दुखनं हाये. लाल डब्यात खिडकीपाशी बसव. माहेरी जाऊ दे.’

पुण्या-मुंबईत बसून कोणी ‘ग्रामीण रुग्णांसाठी’ हे बनवलं तर त्यात शेतच असेल, बैलगाडी असेल, बासरी असेल, याची मला खात्री आहे. (एसटीची खिडकी मात्र जपून, हलतं दृश्य आणि स्थिर शरीर यानं मळमळ होते. एफडीएच्या चाचणीतही जवळपास दहा टक्के लोकांना मळमळ किंवा गरगर झाली होती, आणि वीस टक्क्यांच्या आसपास लोकांना हेडसेट टोचला. आमची बाई एसटीत बसली की तसंही पिशवी जवळ ठेवते.)

तेव्हा दृश्यं आणि आवाज इथं तयार करा. आवाज वऱ्हाडीत हवा, पूर्वेकडे झाडीबोलीत, आणि मारेगाव-झरी-केळापूरच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, कोलामीत, गडचिरोलीत गोंडी-माडियात. चांगली बोलणारी माणसं गावोगाव आहेत, कीर्तनकार आहेत, दंडार या लोकनाट्यात काम करणाऱ्या बाया-पोरी आहेत. त्यांना माइकसमोर बसवून श्वासाचा आणि अंग सैल सोडण्याचा मजकूर फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घेतला की झालं. यासाठी परदेशी परवाना लागत नाही, आणि एका खोलीच्या एसीपेक्षा हे स्वस्त पडेल.

आता त्या खोलीबद्दल. भामरागडच्या बाईनं रोज सात मिनिटांसाठी गडचिरोलीला यायचं का? धारणीच्या बाईनं घाट उतरून अमरावतीला? एसटीचं तिकीट बायकांना २०२३ पासून अर्धं झालं आहे, मजुरी मात्र पूर्ण बुडते. ५६ दिवसांचा सराव आठवड्यातून एका फेरीवर उरकता येत नाही. शेवटी त्या खोलीत जिल्ह्याच्या गावातलेच लोक बसतील, वर्षभरानं पेट्या कपाटात जातील आणि खोलीत स्टोअर होईल. जिल्ह्याजिल्ह्यांत अशा खोल्या मी पाहिल्या आहेत, वेगवेगळ्या यंत्रांच्या.

विदर्भानं उलटी वाट आधीच दाखवलेली आहे. नवजात बाळांना वाचवायचं तर दवाखान्यातच आणायला हवं, असं सगळे मानत होते, तेव्हा गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून उपचार घरात नेला. ३९ गावांतल्या त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते, आणि पुढे देशभरातल्या आशांच्या कामात तेच आलं. बाळाचा जीव वाचवण्याची आणि कंबरदुखीची बरोबरी मी करत नाही. पण ज्या भागानं देशाला घरी जाऊन उपचार करायला शिकवलं, त्यानं आता जिल्ह्याला आरामखुर्च्या मांडाव्यात, हे मला पटत नाही.

म्हणून पेटी उपकेंद्रात ठेवा, आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथं. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं नाव लिहून ती आठ आठवड्यांसाठी घरी द्यावी, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं विचारपूस करावी : किती वेळा लावली, झोप कशी आहे, गोळ्या किती घेतल्या, किती चालता आलं. दुखणं शून्य ते दहात किती, हे विचाराच, पण त्यावरच थांबू नका. आमची बाई पहिल्या दिवशी ‘दहा’ म्हणते आणि शेवटच्या दिवशीही ‘दहा’ म्हणते, फक्त दरम्यान ती लेकीच्या गावी जाऊन आलेली असते. हे काम आशाताईंच्या गळ्यात मारायचं असेल तर त्याचा मोबदला आधी ठरवा. त्यांच्या कामांची यादी आधीच लांब आहे आणि नव्या योजनेचा पहिला भार नेहमी त्यांच्याच डोक्यावर येतो.

पेटी देण्याआधी तपासणी मात्र हवीच, यात तडजोड नको. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल तर मणक्याचा टीबी नाही ना हे बघायलाच हवं. पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेहून बरंच जास्त फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्यानं सांधे आणि मणका आखडतो. अशा गावात हेडसेट वाटणं म्हणजे विनोद, तिथं आधी पाणी बदला. मिरगीचा त्रास असेल, चक्कर येत असेल, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर पेटी नको.

सिकलसेलबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण पूर्व विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात हा रोज भेटणारा आजार आहे. त्यात वेदनेचे झटके येतात. हाडांना रक्त कमी पडून तरुण वयातच खुब्याचा सांधा खराब होतो आणि दुखणं कायमचं होऊन बसतं. झटक्याच्या वेळी सलाइन, पुरेशी वेदनाशामक औषधं आणि डॉक्टर हाच उपचार. छातीत दुखलं, ताप आला, धाप लागली तर एक मिनिट घालवायचा नाही. पण दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत, पुढचा कधी येईल या धास्तीत जगणाऱ्या पोरांना श्वासाचा सराव नक्की शिकवता येईल. वॉर्डात सलाइन चालू असताना पेटीचा आधार म्हणून वापर मुलांवर परदेशात करून पाहिला गेला आहे. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. तपासण्या आणि कार्डं होताहेत, चांगलं आहे. दुखण्याचं काय करायचं, हा रकाना त्यात जोडता येईल का ते बघा.

काही गोष्टी बारीक आहेत पण खरेदीच्या कागदात त्याच राहून जातात. बहुतेक हेडसेट ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरायचे असतात, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या घरात दुपारी पेटी आधी तापेल, मग बंद पडेल. आठ आठवड्यांचा पहिला प्रयोग करायचा तर संक्रांतीपासून होळीच्या आसपासपर्यंतचा काळ बरा : उकाडा नाही, कापसाची वेचणी ओसरलेली असते, हरभरा सोंगायला आला तरी संध्याकाळ हातात असते. मजकूर पेटीतच साठवलेला असावा, नेट लागता कामा नये. चार्जिंग सौर पॅनेलवर चाललं पाहिजे. वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं, डोक्यावर भारे वाहून मान दुखणाऱ्या बाईला बसून ते झेपणार नाही, तिला उशीला टेकून वापरायला शिकवा. आणि पावसाळ्यात डोळे येतात. एकच फोम दहा जणींच्या डोळ्यांना लागला तर पूर्ण गावाचे डोळे येतील. म्हणून प्रत्येकीला वेगळं, धुता येणारं कव्हर द्या.

पैशाचं म्हणाल तर एका पेटीची किंमत चांगल्या मोबाइलच्या घरात जाते. एका उपकेंद्राला दोनतीन पुरतील. ज्या जिल्ह्यांत कोळसा आणि खनिज निघतं तिथं जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, आणि त्यात आरोग्य अग्रक्रमाचा विषय आहे. पण सगळीकडे एकदम नको. दोन तालुके घ्या. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान किंवा नागपूरचं एम्स यांना मोजमापासाठी विनंती करा, आणि तीन गट करा. एकाला पेटी आणि वऱ्हाडी आवाज. दुसऱ्याला तोच आवाज साध्या मोबाइलवर, इअरफोन लावून, पेटीशिवाय. तिसऱ्याला व्यायाम आणि विचारपूस, जी पहिल्या दोघांनाही मिळेलच. आठ आठवड्यांनी आणि पुन्हा पुढच्या वेचणीच्या हंगामात मोजा.

आणि दुसऱ्या गटाला पहिल्याइतकाच गुण आला, तर पेट्या घेऊ नका. मोबाइलवरची ती ध्वनिफीत सगळ्या गावांना द्या आणि उरलेल्या पैशात ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट नेमा. माझा अंदाज विचाराल तर सुरुवातीला पेटी पुढे असेल, कारण तिनं लक्ष बांधलं जातं, आणि सहा महिन्यांनी फरक कमी झालेला असेल. अंदाज चुकला तर मला आनंदच होईल. हे विक्रेता सांगणार नाही, म्हणून आपणच मोजायला लावा.

समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय आला तर तालुक्यात काम करणाऱ्या एका तरी समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला आणि एका आशाताईला बोलवा, आणि सादरीकरण झाल्यावर पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या. अधिकाऱ्यांना पेटी कशी लावायची आणि श्वासाचा सराव कसा शिकवायचा, हे दाखवायला मी माझ्या दवाखान्याचे दुपारचे तास मोकळे ठेवीन, त्याचं मानधन नको. खरेदीच्या निविदेत मागचा पट्टा अंबाड्यावरून बसला पाहिजे, ही अट मात्र घाला.

कळावे,

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, यवतमाळ जिल्हा